कागदाचा शेजार : दप्तर, स्मृति व यंत्र यांविषयीं कांहीं विचार

१. जुना कागद हातीं आला म्हणजे संशोधक पहिला प्रश्न विचारतो तो, कागद कोणाचा, हा. दुसरा, त्यांत काय लिहिलें आहे, हा. तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो, हा कागद कोणत्या कागदांच्या शेजारीं होता, हा होय. या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर हरवलें तर पहिल्या दोहोंचीं उत्तरें पुष्कळदां अपुरीं राहतात व कधीं कधीं उलटींहि ठरतात, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. अलीकडील वीस-पंचवीस वर्षांत जुन्या दप्तरांच्या व पोथ्यांच्या प्रतिमा घेऊन त्या संगणकांत सांठविण्याचा उद्योग सरकारी, संस्थांच्या व खाजगी अशा तिन्ही संग्रहांत सुरू झाला आहे. उद्योग स्तुत्य आहे. परंतु नवें साधन हातीं आलें म्हणजे जुन्या साधनांत काय होतें, याचा हिशेब आधीं करून ठेवावा लागतो. नाहीं तर एक मिळवितांना दुसरें गमावलें, हें फार उशीरां कळतें.

२. हा हिशेब करण्यास आपल्या नैयायिकांचें स्मृतिविवेचन चांगलें उपयोगी पडतें. त्यांनीं ज्ञानाचे अनुभव व स्मृति असे दोन भाग केले. आणि प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं जीं चार प्रमाणें मानलीं तीं अनुभवाचीं. स्मृतीस त्यांत स्वतंत्र स्थान दिलें नाहीं. पूर्वीच्या अनुभवानें मागें ठेवलेल्या संस्कारापासून स्मृति उपजते. सबब मूळ अनुभव यथार्थ असेल तर ती यथार्थ, नसेल तर ती अयथार्थ. इतिहासाच्या साधनांसहि हाच न्याय लागू आहे. कागद जुना आहे एवढ्यानें तो खरा होत नाहीं. लिहिणारास काय ठाऊक होतें, यावर त्याची किंमत.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. नुसता संस्कार असून भागत नाहीं. त्यास जागें करणारें कांहीं तरी लागतें. त्यास उद्बोधक असें म्हणतात. गौतमाच्या न्यायसूत्रांत, तिसऱ्या अध्यायांत, स्मृतीच्या अशा निमित्तांची एक लांबलचक यादी आहे. तींत अभ्यास, सादृश्य, सुख, दुःख, भय यांचा समावेश आहे, तसाच निबंध, संबंध व आनंतर्य यांचाहि आहे. निबंध म्हणजे अनेक गोष्टींचें एका ग्रंथांत गुंफलें जाणें, असा भाष्यकार वात्स्यायनाचा अभिप्राय आहे. अशा एकत्र गुंफलेल्या गोष्टींपैकीं एक दुसरीची आठवण करून देते. आनंतर्य म्हणजे एकामागून एक लागून येणें. मनाविषयीं लिहिलेले हे शब्द दप्तरासहि तंतोतंत लागू पडतात. दप्तर हा समाजाचा संस्कार आहे. आणि रुमालाची गांठ हा त्याचा निबंध आहे.

३. कागदाच्या आधीं आपल्याकडे माणसांच्या स्मृतीवरहि न्याय चालत असे, व त्या पद्धतींतहि शेजार हाच मुख्य होता. वतनाचा तंटा पडला आणि वादीचे कागद धामधुमींत जळाले किंवा लुटले गेले, असें झालें तर गोतसभा बसे. गांवचे पाटील-कुलकर्णी, बलुतेदार व शींवेवरील शेजारच्या गांवचे लोक यांस सत्य स्मरून साक्ष देण्यास सांगत, आणि निकाल लागला म्हणजे त्याचा महजर होई. महजरावर लिहितां न येणारे आपापल्या निशाण्या करीत. पाटलाचा नांगर व शेट्याची तागडी ज्यानें जुने महजर पाहिले आहेत त्यास परिचित आहेतच. एकट्या मनुष्याच्या आठवणीवर वतन मिळत नसे. दहा शेजाऱ्यांची आठवण एकमेकींस जुळली, तरच ती प्रमाण मानीत. म्हणजे स्मृति स्वतः प्रमाण नाहीं हें शास्त्र्यांनीं ग्रंथांत सांगितलें, आणि शेजाराच्या जोडीनें तिला प्रमाणाची योग्यता कशी आणावी हें गोतानें व्यवहारांत दाखविलें.

४. पेशव्यांच्या हुजूर दप्तरानें हेंच काम कागदावर केलें. चालतें दप्तर व एकबेरीज दप्तर असे त्याचे दोन मोठे भाग होते. हुजुरांतून सुटणारीं पत्रें, सनदा व जमाखर्च यांची दैनंदिन नोंद रोजकीर्दींत होई. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकबेरजेंत एकत्र येऊन त्यांचे खतावणी, तर्जुमा वगैरे गोषवारे निघत. या मांडणीमुळें एकच गोष्ट अनेक ठिकाणीं उमटे. एखाद्या ब्राह्मणास इनाम मिळालें तर सनद त्याच्या घरीं, नोंद कीर्दींत, ताकीद मामलेदारास, आणि वजावट तालुक्याच्या हिशेबांत. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत या व्यवस्थेची हेळसांड झाली. तथापि १८१८ सालीं राज्य गेल्यावर हें दप्तर इंग्रजांच्या ताब्यांत आलें, तेव्हांहि त्याचा सांगाडा कायम होता.

पुढें १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले व इनामदारांच्या हक्कांची कसून चौकशी सुरू झाली. त्या चौकशीनें किती घराणीं दुखावलीं हें सर्वश्रुत आहे, व तिचा हेतु इतिहाससंशोधनाचा नव्हता हेंहि उघड आहे. तरी त्या प्रसंगानें एक तत्त्व स्पष्ट झालें. खोटी सनद करणारा जुना कागद मिळवील, शाई उतरवील, मोडीचें वळण साधील, शिक्काहि कोरवून घेईल. परंतु त्याच मितीच्या कीर्दींत, त्याच हाताची, मागल्या व पुढल्या नोंदींच्या मध्यें बसणारी नोंद त्यास घालतां येणार नाहीं. सुटी सनद आपली साक्ष आपणच देते. दप्तरांतील सनदेची साक्ष तिचे शेजारी देतात. पुण्यास १८९१ सालीं बांधलेल्या इमारतींत हे हजारों रुमाल आजहि आहेत, आणि त्यांचें मोल त्यांतील प्रसिद्ध नांवांच्या पत्रांपेक्षां या एकमेकांस धरून असण्यांत अधिक आहे.

५. याचें रोजच्या कामांतील उदाहरण म्हणजे वर्ष नसलेलीं पत्रें. मराठी पत्रांतून 'छ' हें अक्षर घालून चंद्राची तारीख व मुसलमानी महिना देण्याचा परिपाठ होता; सन पुष्कळदां गाळीत, कारण ज्यास पत्र जावयाचें त्यास वर्ष कोणतें चाललें आहे हें ठाऊकच असे. आज तें आपणांस ठाऊक नाहीं. समजा, एका पत्रांत छ १२ जमादिलावल एवढीच तारीख आहे, आणि मजकूर असा कीं, नदीस पूर आल्यामुळें घोडीं अलीकडेच अडकलीं, खर्चास नाहीं, हुंडी पाठवावी. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें ११ दिवसांनीं लहान असल्यामुळें हा महिना दरसाल मागें सरकतो आणि सुमारें ३३ वर्षांनीं पुन्हा त्याच ऋतूंत येतो. तेव्हां पुराच्या उल्लेखावरून शंभर वर्षांच्या अवधींत कांहीं थोड्या वर्षांचे तीन-चार गट निघतील. याहून पुढें त्या पत्रावरून कांहींच ठरणार नाहीं.

आतां तेंच पत्र मूळच्या रुमालांत आहे असें धरूं. त्याच्या खालीं त्याच कारकुनाचें दुसरें पत्र आहे, आणि त्यांत सुहूर सन दिला आहे. सुहूर सनांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढें ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, हें अभ्यासकांस माहीत आहेच. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला, त्या वेळीं सुहूर सन ११६१ चालू होता. शेजारच्या पत्रावरून आपल्या पत्राचें वर्ष निघालें. पाठीवर पैवस्तीची नोंद आहे, त्यावरून पत्र किती दिवसांत पोंचलें तें कळलें. दूर कोठें तरी हिशेबाच्या बंदांत ती हुंडी खर्ची पडलेली सांपडली, तेव्हां रक्कमहि कळली. चार कागदांनीं मिळून एक स्वारी उभी केली. यांतील एक कागद काढून, कांचेखालीं बसवून, भिंतीवर टांगला तर भिंतीस शोभा येईल. पण टांगलेला कागद मुका होईल आणि रुमालांत राहिलेले तीनहि तोतरे होतील. हानि नेलेल्या कागदापुरतीच होते असें समजणें हीच संग्राहकांत आढळणारी मोठी गैरसमजूत आहे.

६. प्रत करण्याच्या प्रत्येक कलेनें शेजाराचें काय केलें, हें आतां पाहूं. आपल्याकडील सर्वांत जुनी कला वेदपाठाची. पदपाठ, क्रम, जटा, घन या पाठांत एकेक पद मागल्या व पुढल्या पदाशीं पुनःपुन्हा सांधलें जातें; घनांत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पहिलें-दुसरें-तिसरें, तिसरें-दुसरें-पहिलें व पुन्हा पहिलें-दुसरें-तिसरें असा क्रम असतो. एक पद निसटलें किंवा बदललें तर पुढला सांधाच बसत नाहीं. आनंतर्य हाच येथें पहारेकरी आहे. लेखनाची सोय नसतां केवळ मुखपरंपरेनें एवढा ग्रंथसंभार अक्षरशः टिकला, याचें कारण या रचनेंत आहे.

हस्तलिखित प्रतींत हा पहारा सुटला. लेखक गाळतो, समासांतील टीप संहितेंत घालतो, दोन पोथ्यांचे पाठ मिसळतो. म्हणून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं आरंभिलेल्या व १९६६ सालीं पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर व त्यांचे अनुयायी यांस पोथ्यांचीं कुळें लावावीं लागलीं. शारदा, नेपाळी, बंगाली, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम् अशा लिप्यांनुसार पोथ्या विभागून कोणती कोणाची सोयरी हें ठरवावें लागलें. एकट्या पोथीचा पाठ कितीहि सुंदर असला तरी तिचें गोत्र कळल्यावांचून त्याचा निवाडा होत नाहीं, हा त्या प्रचंड कार्याचा धडा आहे.

७. मग छापखाना आला. मराठ्यांच्या इतिहासापुरतें पाहतां मुद्रणाच्या तीन पद्धति झाल्या. मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनीं १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रह काढला तो मुख्यतः पटवर्धनांच्या एका दप्तराच्या आधारें. पत्रें कालानुक्रमानें लावून मध्यें मध्यें संदर्भ सांगितला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला व कागद सबंध, कांटछांट न करतां, द्यावा हा आग्रह धरला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दप्तरांतून निवडून ४५ भाग प्रसिद्ध केले. त्यांत विषयवारी प्रधान होती. या तिघांच्या उपकारांतून उतराई होणें शक्य नाहीं. परंतु पद्धतींतील भेद ध्यानांत घ्यावा. खऱ्यांच्या ग्रंथांत एका घराण्याचा आवाज अखंड ऐकूं येतो. सरदेसायांच्या भागांत विषय हातीं लागतो. पण पानिपतचा अभ्यासक २, २१ व २७ हे भाग एकत्र उघडून बसला, तरी कोणतें पत्र कोणत्या पत्राखालीं बांधलेलें होतें, हें पाहण्यास त्यास शेवटीं दप्तरखान्यांतच जावें लागतें.

योगायोग असा कीं, ज्या १८९८ सालीं राजवाड्यांचा पहिला खंड निघाला, त्याच सालीं हॉलंडांत म्युलर, फाइट व फ्रुइन या तीन दप्तरदारांनीं दप्तरें लावण्याची एक पद्धति ग्रंथरूपानें मांडली. त्यांचें मुख्य सूत्र असें कीं, दप्तराची मांडणी मागाहून येणाऱ्या अभ्यासकाच्या सोयीनें करूं नये. ज्या कचेरींत तें वाढलें तिच्या रचनेप्रमाणें तें ठेवावें. फ्रान्सांत १८४१ सालच्या एका सरकारी परिपत्रकानें एका मूळाचे कागद दुसऱ्यांत मिसळूं नयेत असा नियम घातलाच होता. तिकडील विद्वानांनीं नियमानें सांगितलें तेंच आपल्या फडांतील कारकुनानें रुमाल बांधतांना हातानें केलें होतें.

८. आतां संगणकाकडे येऊं. त्याचे गुण मोठे आहेत. मूळ कागद वारंवार हाताळावा लागत नाहीं. एका प्रतीच्या शंभर प्रती शंभर ठिकाणीं ठेवतां येतात. आग, पूर, कसर यांचें भय कमी होतें. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यानंतर या गोष्टीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. प्रतिमेंत एक कण जरी बदलला तरी तें उघडकीस आणणारी चेकसम नांवाची एक युक्ति संगणकांत आहे. सर्व कणांवरून गणितानें एक संख्या काढून ठेवतात, व पुढें ती जुळली नाहीं तर प्रत बिघडली असें समजतात. घनपाठाची ही दूरची भावंडच म्हणावी. जून २०१४ मध्यें युनिकोड या जागतिक लिपिसंकेतांत मोडीचा समावेश झाला, त्यामुळें मोडी अक्षरें संगणकावर मोडी म्हणूनच लिहितां येऊं लागलीं. यंत्राकडून मोडी वाचविण्याचेहि प्रयत्न चालू आहेत.

परंतु या यंत्राचा उद्बोधक कोणता, हें पाहिलें पाहिजे. संगणकांत शब्द घालून शोध केला म्हणजे तो शब्द जेथें जेथें आहे तीं पानें समोर येतात. हें सादृश्य होय. न्यायसूत्रांच्या यादींत तें आहेच, आणि त्याचा उपयोगहि अपार आहे. पूर्वी दहा वर्षें लागत तें काम दहा पळांत होतें. परंतु शोधानें येणारें पान एकटें येतें. त्याच्या मागचें व पुढचें पान, पाठीवरची पैवस्ती, रुमालावरची चिठ्ठी, हीं त्याजबरोबर येत नाहींत. रुमाल सोडून बसणारा अभ्यासक जें शोधीत असे त्यापेक्षां जें शोधीत नसे तेंच त्यास अधिक सांपडे. कारण तेथें आनंतर्य काम करी. यंत्र सादृश्य देतें व आनंतर्य गिळतें. पहिलें घेतांना दुसरें सोडण्याचें कारण नाहीं; प्रतिमा घेतांनाच दक्षता ठेवली तर दोन्ही राहतात. न ठेवल्यास मात्र मागून कोणत्याहि युक्तीनें तें परत येत नाहीं. भ्रमणध्वनीवरून हातोहात फिरणाऱ्या सुट्या मोडी पत्रांच्या प्रतिमा पाहाव्यात. कोणत्या गांवचें, कोणत्या घरचें, कोणत्या रुमालांतलें, याचा पत्ता कोणासच सांगतां येत नाहीं. त्या प्रतिमा स्वच्छ असतात, आणि पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी असतात.

९. दुसरी उणीव वाचकांची. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली. तिच्यांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, शब्दांत अंतर नाहीं, बोरू न उचलतां ओळ चालते. संदर्भ ठाऊक असणाऱ्यासच ती नीट उलगडते. येथेंहि शेजारच कामास येतो: पहिल्या पत्रांत न लागलेला शब्द त्याच हाताच्या सातव्या पत्रांत लागतो. अर्थ न जाणतां वेद नुसता पढणाऱ्यास निरुक्तांत ओझें वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. कोट्यवधि प्रतिमा सांठवून त्या वाचणारे तयार न केले तर आपल्या संगणकांसहि तीच उपमा शोभेल.

१०. यावर संग्राहकांकडून एक आक्षेप येईल, व तो रास्त आहे. रद्दींत जाणारा, वाळवीच्या तोंडीं पडणारा कागद आम्हीं पदरचे पैसे देऊन उचलला; तो सुटा होता, हा आमचा दोष काय? दोष मुळींच नाहीं. खाजगी संग्राहक नसते तर मराठ्यांच्या इतिहासाचीं निम्मीं पानें कोरीं राहिलीं असतीं. नाना फडणविसांचें मेणवलीचें दप्तर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या संग्रहांत आलें, तेथून तें साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयांत व १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेलें. एवढे मुक्काम करूनहि तें आज मेणवली दप्तर म्हणूनच ओळखलें जातें. कागद जागा बदलतो याचें दुःख नाहीं. त्याचें मूळ नांव पुसलें जातें याचें आहे. विक्रेता प्रसिद्ध पुरुषाचें नांव वा सुबक शिक्का असलेला एक कागद रुमालांतून निवडतो व बाकीचे हिशेबाचे बंद निकामी म्हणून टाकतो, याचें कारण घेणारास तोच एक हवा असतो. घेणारानें मागणी बदलली तर विकणाराची रीतहि बदलेल. इतकें सामर्थ्य संग्राहकांच्या हातीं आहे, सरकारच्या हातीं नाहीं.

११. म्हणून कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. रुमाल सोडण्यापूर्वी तो बांधलेल्या स्थितींत व सोडल्यावर थर न हलवितां त्याची प्रतिमा घ्यावी. प्रत्येक कागदास, कोऱ्या पाठीसहि, अनुक्रमांक द्यावा व तो क्रमांक प्रतिमेच्या नांवांतच घालावा, म्हणजे प्रतिमा कोठेंहि गेली तरी आपलें घर सांगेल. क्रमांक कागदावर शाईनें न लिहितां मऊ शिसपेन्सिलीनें कोपऱ्यांत लिहावा. बासनाचें फडकें, बांधलेली दोरी व वरची चिठ्ठी टाकूं नये; चिठ्ठीवरील दोन शब्द कधीं कधीं आंतील दोनशें कागदांची किल्ली असते. क्षुल्लक म्हणून हिशेब, याद्या, पावत्या वेगळ्या काढूं नयेत. सुटाच कागद हातीं आला तर तो कोणाकडून, कोणत्या गांवीं, केव्हां व कशाबरोबर मिळाला, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. कागद दुसऱ्यास देणें झाल्यास यादी बरोबर द्यावी व यादीची प्रत एखाद्या संस्थेंत ठेवावी. आणि प्रत्येक संग्राहकानें आपल्या हयातींत निदान दोन तरुणांस मोडी वाचावयास शिकवावें. यांस फार पैसा लागत नाहीं. एक वही, थोडा धीर आणि कागद उघडण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची संवय एवढेंच लागतें.

१२. ज्यांच्या घरीं आज एखादें न उघडलेलें बासन आहे त्यांजकडे ही विनंती विशेषेंकरून आहे. त्या बासनांतील कागद कोणत्या क्रमानें ठेवले हें ज्या कारकुनास ठाऊक होतें तो दोनशें वर्षांमागें गेला. त्याच्या ज्ञानापैकीं आतां शिल्लक आहे तो केवळ तो क्रम. गांठ सोडणारा हात तो क्रम शेवटचा पाहणार आहे. त्या हातानें तो लिहून ठेवावा, आणि मग कागद अवश्य वाचावेत.